चार थ्रॉटल आणि पप्पांचे कान

भूतखेत, संकेत वगैरे माझ्या डोक्यात कधी शिरलंच नाही. मी गॅरेजवाली बाई, मीटर दाखवेल ते खरं. तरी हे लिहितेय, कारण दीड वर्ष डोकं लावूनही मला काही सापडलेलं नाही...

नाशिकला अंबडमध्ये माझं आणि माझ्या पार्टनरचं, किरणचं, गॅरेज आहे. गाड्यांची इंजिनं जास्त ताकदीची करून देतो आम्ही. माझे पप्पा इथल्याच एका कारखान्यात तीस वर्षं प्रेस शॉपला, पत्रे ठोकणाऱ्या मशीनवर होते. त्या धडधडीत त्यांचे कान हळूहळू गेले, आणि साडेसात वर्षांपूर्वी पूर्णच. कानाच्या मशीनचाही उपयोग होईना. तेव्हापासून आमचं बोलणं मोबाइलवर टाइप करून. "गोळी घेतली?" "दूध आणा." एवढंच उरतं हो त्यात.

त्या रविवारी सकाळी अकराच्या सुमारास माझ्याच जुन्या गाडीचं काम चालू होतं. साध्या इंजिनात चारही सिलिंडर एकाच थ्रॉटलमधून हवा घेतात. आम्ही प्रत्येकाला स्वतंत्र थ्रॉटल बसवला होता. वरचा एअरबॉक्स, म्हणजे झाकणाचा डबा, अजून लावायचा होता, त्यामुळे चार उघडी तोंडं आणि काय तो आवाज! चौघं सारखीच हवा ओढताहेत ना, हे मीटर धरून जुळवावं लागतं. पप्पा दारात, आमच्याकडे पाठ करून पेपर वाचत बसले होते.

गाडी चालू केली. किरण पहिल्या तोंडावर मीटर धरतोय, तोच पप्पा म्हणाले, "तीन नंबर कमी ओढतोय."

किरणने माझ्याकडे पाहिलं. तिसऱ्यावर मीटर धरला. खरंच कमी.

मला वाटलं, जमिनीतून कंपनं जाणवली असतील, जुना कारागीर माणूस. मी जागेवरूनच, साध्या आवाजात म्हटलं, "पप्पा, ऐकू येतंय?"

"येतंय की." मग पेपर खाली ठेवून ते वळले आणि बघतच राहिले. "सोनल... तुझा आवाज आईसारखा झालाय गं."

सहा वर्षांचं साठलेलं, आणि मी काय विचारावं? "चहा घेता का?"

ते उठून जवळ आले. "तुझी आई शेवटी काय म्हणत होती? मी हात धरून बसलो होतो. नुसते ओठ हलताना दिसत होते."

आईला जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. त्यांनी कधी विचारलं नव्हतं, आणि ते टाइप करायचा मला धीर झाला नव्हता.

"म्हणत होती, यांना घरी पाठव, दोन दिवस झोपले नाहीत."

"मी कुठं जाणार होतो..."

"आणि तुमचं नाव घेतलं, पप्पा. नुसतं 'वसंत' म्हणाली. दोनदा."

पप्पांनी गाडीचा पत्रा धरला. "लग्नात उखाण्यात घेतलं होतं तेवढंच," म्हणाले.

किरण हातवारे करत होता. रेडिएटरच्या फॅनचं वायरिंग बाकी होतं, टेंपरेचरचा काटा लालला टेकत आलेला. मी हातानेच थांब म्हटलं. आणखी एक मिनिट... अर्धा... शेवटी किल्ली फिरवून इंजिन मीच बंद केलं.

पप्पा तसेच कान देऊन उभे. मी हाक मारली. पुन्हा मारली. त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि माझ्यापुढे धरला.

फॅन जोडून, इंजिन गार करून पुन्हा चालू केलं. काही नाही. कानाच्या डॉक्टरांनी नव्याने तपासलं. म्हणाले, गोंगाटात काहींना बरं ऐकू येतं, पण यांच्या कानांत तेवढंही उरलेलं नाही. किरण अजून कंपनंच म्हणतो. मग आईने घेतलेलं नाव कंपनातून कळलं का, असं विचारलं की पाना उचलून कामाला लागतो. तुमच्यापैकी कुणाला उत्तर माहीत असेल तर सांगा.

पप्पा आता दर रविवारी गॅरेजवर येतात. मी गाडी चालू करते, काहीबाही बोलते. ते नकारार्थी मान हलवतात. परवा मी बंद करायला गेले, तर त्यांनी किल्लीवरचा माझा हात धरला.

"असू दे चालू," म्हणाले. "तू बोल."