टाकीत पाणी कोणी घातलं

अन्याय झाला तो आमच्या तलावावरच्या पाणबुड्या काकांवर. सत्त्याहत्तर सालच्या तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास, लकडगंजातल्या एका कबाड्याच्या दारात. करणाऱ्याचं नाव मी पत्रकात कधी छापलं नाही, कारण पत्रकं मीच लिहायचो.

काका ढिवर, तलावावर जगणाऱ्या मासेमार जातीचे. तलावात शिंगाडे लावायचे, त्यावर घर चालायचं. कोणी बुडालं की पोलीस त्यांनाच बोलवायचे. मग काका कमरेला दोर बांधून, श्वास कोंडून गाळात उतरायचे. दोराचं दुसरं टोक माझ्या हातात. एक झटका म्हणजे ढील दे, दोन म्हणजे ओढ. चार पावसाळे मी तो दोर धरला. मोर्च्यात घोषणा देणारी पोरं कॉलेजात पुष्कळ होती. काकांचा दोर धरणारा मी एकटा होतो.

मग तो आला. इंजिनियरिंगचा, चष्मेवाला, मामा मुंबईला नौदलात. सुट्टीत तिथं हवेची टाकी पाठीला बांधून समुद्रात उतरून आलेला.

“काका, श्वास काहून कोंडता? पाठीवर हवा बांधून जा ना. अर्धा घंटा खाली राहता येते.”

“अर्धा घंटा?” काका हसले. “मंग तं खालीच शिंगाडे उकडून खाऊन येईन गा!”

आणि हंड्यातून पहिला गरम शिंगाडा काढून, सोलून, त्यांनी त्याच्या हातावर ठेवला. चार वर्षांत मला सोललेला शिंगाडा कधी मिळाला नव्हता. मी स्वतः सोलून खात होतो, बोटं काळी करून.

टाकीसाठी वर्गणी मात्र माझ्या पत्रकानं जमवली. ‘श्वास कोंडून कोण मरतो आणि काठावर टाळ्या कोण वाजवतो?’ हा मथळा माझा. लकडगंजातल्या कबाड्याकडे मुंबईच्या लिलावातली एक जुनी पोलादी टाकी आल्याची खबर आणली ती चष्मेवाल्यानं. तोंडात धरायची नळी मामांकडून येणार होती, आणि हवा भरायला धरणाच्या कामावर पाणबुड्यांचा कंप्रेसर होता, तिथला मिस्त्री त्याच्या ओळखीचा. सगळं त्याचंच. “आज माझा पेपर आहे,” तो म्हणाला. “उद्या मी येतो, आत दिवा सोडून पाहू, मगच घेऊ.”

मी उद्याची वाट पाहिली नाही. काकांना सायकलवर डबल सीट घेतलं आणि निघालो. मारबतीच्या पुतळ्यांच्या मिरवणुकीनं रस्ते तुंबलेले. कबाड्यानं दुकानाच्या दोनच फळ्या उघडल्या होत्या.

“ले जाओ भाऊ, जहाजवाली आहे. सोडावाला बी मागून राहिला.”

टाकी आमच्या कमरेएवढी, राखाडी रंग दिलेली. मी हातोडीनं ठोकून पाहिली. घंटेसारखी वाजली. पण नुसत्या आवाजावर कोण घेतो? आमच्याकडे माठ घेताना काय करतात? पाणी भरून ठेवतात, पाझरतो का पाहतात. कबाड्याला पान्यानं वरची तोटी काढायला लावली आणि नळाखाली टाकी काठोकाठ भरली. चहा पिऊन आलो, तरी बाहेर एक थेंब नव्हता.

“पाहा काका,” मी म्हणालो. “इंजिनियर पाहिजे होता कशाले?”

पाणी ओतून दिलं, तोटी घट्ट बसवली, टाकी कॅरियरला बांधली. काका मागून पायी आले.

दुसऱ्या दिवशी चष्मेवाला आला. टाकीवरून हात फिरवला, गळ्यावर ठोकलेली चाचणीची तारीख वाचली, मान डोलावली. “दिवा आता धरणावरच सोडू,” म्हणाला. मग विचारलं, “आत पाणी-गिनी नाही ना गेलं? गेलं असेल तर आजच उघडून वाळवू. पोलाद आहे, आतून गंजते.”

तेव्हा हो म्हणायला हवं होतं. एका शब्दाचं काम होतं. पण तो शब्द त्याच्यासमोर, काकांच्या अंगणात, माझ्या तोंडून निघेना. “नाही,” मी म्हणालो. काका तिथंच दोर वळत बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा दोर वळू लागले.

गणपती बसल्यावर आठवड्यानं आम्ही तिघं टाकी घेऊन धरणावर गेलो. मिस्त्रीनं तोटी काढली, तारेला छोटा दिवा बांधून आत सोडला आणि आम्हाला वाकून पाहायला लावलं. आत तांबडे पोपडे सुटले होते. टाकी उलटी केली तर मूठभर गंज पडला.

“यात मी हवा भरत नाही. साफ करून, नव्यानं तपासून आणा. मुंबईशिवाय होत नाही. पाणी कोणी घातलं?”

मी सांडलेला गंज पायानं गोळा करू लागलो.

“म्याच घातलं,” काका म्हणाले. “माठ घेतो तसं पाहून घेतलं. आम्हाले काय समजते बापू?”

चष्मेवाला त्यांच्यावर रागावलासुद्धा नाही. मला त्याचाही राग आला.

विसर्जनाला दोन-तीन दिवस उरले होते. मुंबई होणं शक्य नव्हतं. अनंत चतुर्दशीला दुपारी एक माणूस मूर्तीबरोबर खाली गेला तो वर आला नाही. काका श्वास कोंडून उतरले, पुन्हा पुन्हा उतरले. सातव्या वेळी माणूस सापडला, जीव नव्हता. काका पायरीवर बसले, डाव्या कानातून रक्त येत होतं. तो कान गेला तो गेलाच.

त्यानंतर मी तीन पत्रकं काढली. पहिलं कबाड्यावर, दुसरं महापालिकेवर, तिसरं बघ्यांवर. पाणी कोणी घातलं, हे तिन्हींत नव्हतं. महापालिकेनं टाकी द्यायला हवी होती, हे मी आजही ओरडून सांगेन. पण आम्ही घेतली होती ती गंजली माझ्या ‘नाही’नं.

दोर अजून माझ्याच हातात असतो. बोलायला मात्र काकांचा उजवा कान लागतो, आणि त्या बाजूला चष्मेवाला बसतो. त्याच्याविषयी आजही पोटात जळतं. ते मी लपवत नाही.

आता तुमच्याकडे येतो. यंदा तुम्ही मूर्ती घेऊन तलावावर जाल. काठावर दोर धरलेला माणूस दिसेल. त्याला विचारा, खाली उतरणाऱ्याच्या पाठीवर टाकी कुठं आहे? असलीच, तर आत दिवा सोडून कोणी पाहिलं आणि कधी? तो गडबडला, तर महापालिकेच्या माणसाला तिथंच धरा आणि विचारा. उत्तर मिळेपर्यंत पायरी उतरू नका.