ह्यांचं नेट कधी जात नसे

अकोल्यात आमच्या भागात घरोघरी फायबरची वायर ओढली ती माझ्या नवऱ्यानं. पाहुणा आला की चहाच्या आधी हे त्याला मोबाइलवर स्पीड दाखवायचे. अख्खा सिनेमा डोळ्याची पापणी लवायच्या आत उतरवायचे आणि पाहुण्याच्या तोंडाकडे बघत बसायचे. कुणी चुकून नेट गेलं म्हटलं की ह्यांचा पारा चढलाच. "डब्ब्यावरचा हिरवा दिवा पाहा. लागून हाये न? मंग माह्यं नेट गेलं नाही." मी चिडवायची, बायको गेली तर चालेल तुम्हाला, नेट जायला नको.

सासऱ्यांच्या आजारपणात असलं काही नव्हतं. त्यांच्या स्कॅनच्या फिल्म मोठ्या पाकिटात घालून आम्ही दोघं एसटीनं अमरावतीच्या डॉक्टरांकडे निघालो होतो. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा गरम भजी खाल्ली. काही निघणार नाही बघ, हे म्हणाले, आणि मीही मान डोलावली. पुढे निघायचं ते निघालंच. पण त्या वाटेवर सासरे आमच्या लेखी ठणठणीत होते.

यंदा ह्यांच्याच पोटाचं स्कॅन करावं लागलं. डॉक्टर अमरावतीचेच, पण आता ना पाकीट, ना एसटी. स्कॅन सेंटरमधली वायरही ह्यांनीच ओढलेली. हे आत कपडे बदलत होते, तोवर फोटो तिकडे पोचलेसुद्धा. मी बाहेर बाकावर थर्मासमधला चहा ओतला, दोन घोट घेतले, तोच डॉक्टरांचा फोन. लिव्हरभर पसरलंय म्हणाले, ऑपरेशनचा उपयोग नाही.

जळो मेला तो वेग. कोणाला एवढी घाई झाली होती? मला निदान मूर्तिजापूरपर्यंत तरी जाऊ द्यायचं होतं.

हे शर्टाची बटणं लावत आले, शेजारी बसले, माझ्या हातातला कप घेतला.

"आला काय रिपोर्ट?"

मला दुसरं काही सुचलंच नाही. "इथलं नेट गेलं म्हन्तेत. उद्या देतीन."

ह्यांनी समोरच्या भिंतीकडे पाहिलं. डब्बा ह्यांनीच बसवलेला, आणि हिरवा दिवा लागलेला. मग माझ्याकडे पाहिलं.

"जाते कधी कधी," म्हणाले, आणि उरलेला चहा पिऊन टाकला.