सरांनी लिहिलेली ओळ

आगरदांड्याला जेटीच्या वाटेवर एक कॉम्प्युटर क्लास आहे. तो चालवणारे सर मला रोज भेटतात, कारण संध्याकाळची एक बॅच मी घेतो. सरांचं शिकवणं नेहमी ‘सोप्पं हाय’ने सुरू होतं. कुणी शंका काढली की ते खुर्ची मागे रेलून चष्मा पुसत बसतात, विचारणारा गप्प होईपर्यंत.

परवा शेवटच्या वर्षाची एक मुलगी लॅपटॉप घेऊन आली. नवीन टाकलेला प्रोग्राम टर्मिनलला, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीला, सापडत नव्हता. कमांड कुठल्या फोल्डरांत शोधायच्या, हे सांगणारी PATH ची ओळ सरांनी .bashrc या टर्मिनलच्या सेटिंगच्या फाइलमध्ये लिहिली. पण तीत फक्त नवा फोल्डर घातला, जुने सगळे वगळले. पुन्हा टर्मिनल उघडलं, तर फायलींची यादी दाखवणारं साधं ls सुद्धा चालेना.

“सिस्टीम गेली,” सर म्हणाले.

“सर, त्या ओळीत $PATH, म्हणजे जुन्या फोल्डरांची यादी, घालायचं राहिलंय,” मी म्हटलं. “तेवढं जोडा, सगळं परत येईल.”

“तुमचं आपलं पुस्तकातलं,” असं म्हणून ते चष्मा पुसू लागले.

मी माझ्या बॅचला गेलो. परत आलो तेव्हा सरांनी लॅपटॉप फॉरमॅट केला होता. मुलीचं वर्षभराचं प्रोजेक्ट त्यातच होतं, आणि ते कुठे दुसरीकडे ठेवलंय का, हेही त्यांनी विचारलं नव्हतं.

“बघ, कसा नव्यासारखा पळतोय.”

“पळतोय सर,” ती हळूच म्हणाली. “पण आता त्यात माझं कायच न्हाय.”

सरांना ते कौतुक वाटलं. त्यांनी समाधानाने मान डोलावली.