साक्षीदार घेऊन निघालेला माणूस

नागरिकशास्त्राच्या कांबळे सरांमुळे मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. तालुक्याचं कोर्ट, जिल्ह्याचं कोर्ट, हायकोर्ट आणि दिल्ली अशी शिडी ते फळ्यावर काढायचे.

एकदा हिंगोलीहून औरंगाबादच्या एसटीत माझ्या शेजारी औंढ्याकडचा, तांड्यावरचा एक म्हातारा होता. पुढच्या सीटवरच्या म्हातारीला तो प्रत्येक थांब्यावर पाणी द्यायचा, उतरताना हात धरायचा.

"सोड की, मी काय काचेची हाव?" ती करवादली.

"आज काचेचीच हाईस," तो म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "पोराला खुनात जन्मठेप झाली, भाऊ. खून झाला तवा पोरगं हिच्या अंगणात जेवून राहिलं व्हतं. ही शेजारीण भेली, खालच्या कोर्टात गेलीच न्हाई. आता हायकोर्टात सांगते म्हणली. ऐकतील ना?"

मला शिडी आठवली. "वरचं कोर्ट सगळं पुन्हा ऐकतं, बाबा."

त्याच्या आग्रहामुळे औरंगाबादला उतरून मी त्यांच्याबरोबर त्याच्या हायकोर्टातल्या वकिलाकडेही गेलो. वकील म्हणाले, "अपिलात सहसा नवी साक्ष घेत नाहीत. खाली लिहिलेलं तेच इथं वाचतात. आता फार उशीर झाला."

म्हातारा म्हणाला, "कागदच वाचायचा व्हता, तर हिला काहून दमवलं?" आणि त्यानं पुन्हा तिच्यापुढे पाण्याची बाटली धरली.

घरी येऊन मी सरांना पत्र लिहिलं:

"सर, शिडी बरोबर आहे. पण बोलायचं ते पहिल्याच पायरीवर बोलावं लागतं, एवढं पोरांना सांगा. मी एका बापाला उलटं सांगितलं."