कापगत्यांचा उलटा कूलर

देवाजी कापगते वांगी घेतानासुद्धा एक डोळा मिटतात. वांगं डोळ्यासमोर आडवं धरायचं, डावा डोळा मिटायचा, उजव्याने देठापासून बुडापर्यंत नजर फिरवायची आणि मग टोपलीत तरी टाकायचं, नाहीतर भाजीवालीकडे परत सरकवून म्हणायचं, "कंडम."

भाजीवाल्या त्यांना ओळखून आहेत. देवाजींचाही इलाज नाही. भिलाईच्या कारखान्यात, रेल मिलच्या तपासणीत त्यांची सगळी नोकरी गेली. रूळ सरळ निघाला की नाही हे त्याच्या टोकाशी वाकून, एक डोळा मिटून पाहायचं. मन भरलं तर खिशातल्या खडूने 'ओके' लिहायचं, नाहीतर फुली मारायची. डोळ्याला इतकी सवय झाली की मुलासाठी, मोहितसाठी, मुलगी पाहायला गेले तेव्हा चहाचा कप हातात घेऊन ते होणाऱ्या विहीणबाईंकडे पाहत बसले आणि त्यांचा डावा डोळा आपोआप मिटला. बायकोने, कौशल्याबाईंनी, वेळीच चिमटा काढला म्हणून, नाहीतर मोहित आजही बिनलग्नाचा राहिला असता.

कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टरमध्ये राहत होते तेव्हा या डोळ्याला मोठा मान होता. कोणी रिटायर होऊन गावी चाललं की फ्रीज, पलंग, शिलाई मशीन विकायला निघायचं आणि घेणारा आधी कापगत्यांचं फाटक वाजवायचा. "दादा, जरा चाला ना जी, तुमी पाह्यलं म्हणजे झालं." दादा निघायचे. पत्र्यावर बोटाच्या पेराने टकटक करायचे, दाराची फट पाहायचे, वास घ्यायचे. त्यांनी पास केलेले पंखे अजून कित्येक घरांत फिरत असतील. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या क्वार्टरांची रांग, मागे पेरूचं झाड, अंगणात खाटा, आणि नाइट शिफ्ट करून आलेला माणूस दिवसा झोपला असेल तर त्याच्या खिडकीखाली गिल्ली-दांडू खेळायचा नाही, हा साऱ्या पोरांना पाठ असलेला कायदा. देवाजी अजूनही दुपारी झोपताना सवयीने म्हणतात, "पोट्ट्यायले सांगजो, कालवा करू नका." पोट्टे आता कुठे आहेत?

रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडावं लागलं आणि भिलाईजवळ कुम्हारीला, हायवेच्या थोडं आत, त्यांनी घर बांधलं. घर छान आहे. फक्त मे महिन्यात ते भट्टी होतं. गेल्या वर्षी मोहित पुण्याहून बायको आणि छोट्या साक्षीला घेऊन आला, तर दुसऱ्याच दिवशी पोरीच्या पाठीवर घामोळं उठलं. तिसऱ्या दिवशी मोहित मान खाली घालून म्हणाला, "बाबा, थंडीत येतो." थंडीत सुट्ट्या कुठल्या? आजोबांच्या फोनमध्ये साक्षी वर्षभर मोठी होत राहिली.

यंदा परत यायचं ठरलं. मोहित फोनवर आडवळणाने बोलला. "बाबा, सिविक सेंटरजवळ एसीवाला रूम मिलतो. आमी रात्री तिकडे झोपू, दिवसा तुमच्याकडे. कावून त्रास?"

"म्हणजे नात माही, अन् झोपन लॉजमध्ये?"

"मग एसी लावून देऊ का?"

"एसी कंडम. तीच ती वापरलेली हवा फिरवत राहते. तू ये, मी बंदोबस्त करून राहिलो."

फोन ठेवल्यावर कौशल्याबाईंनी विचारलं, "का बंदोबस्त करून राहिले जी?"

"कूलर. लोखंडाचा. आजकालचे प्लास्टिकचे कूलर म्हणजे पंखा बसवलेली बादली."

तर असे देवाजी भिलाईच्या सुपेला बाजारात भैय्याजींच्या दुकानात पोचले. भैय्याजी जुना माल घेतात, रंग देतात आणि नव्या उत्साहाने विकतात. दुकानासमोर कूलर असे ओळीने उभे होते जसे भरतीला आलेले जवान. देवाजी एकेकाच्या समोर वाकत, डोळा मिटत, "कंडम... कंडम..." करत पुढे गेले. शेवटच्यापाशी थांबले. अंगावर ताजा पोपटी रंग, पण पत्रा जाड. पेराने वाजवला. आवाज भरीव आला. मागच्या जाळीच्या पट्ट्या वरच्या बाजूला दुमडलेल्या, म्हणजे पाणी बाहेर उडायला नको. देवाजींचा चेहरा उजळला.

"भैय्याजी, ये किसने बनाया?"

"क्या पता दादा, कबाड़ में आया था. मोटर नई डाली है, पंप नया, घास नई."

"जिसने बनाया ना, वो आदमी जानकार था. ऐसा काम अब कोई नहीं करता."

भैय्याजींनी ताबडतोब त्या अज्ञात माणसाच्या गौरवार्थ किंमत वाढवली. देवाजींनी खिशातून खडू काढून पत्र्यावर 'ओके' लिहिलं. बाजूच्या प्लगवर लावून पंखा फिरतो हे पाहिलं, आणि छोट्या हत्तीवर, म्हणजे टेम्पोवर, कूलर बांधून, स्वतः ड्रायव्हरशेजारी बसून, वरातीतल्या मामासारखे घरी आले.

कौशल्याबाई दारात उभ्या होत्या. कूलर खाली उतरला, खिडकीला लागला. त्या त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. नंतर बादलीतून मगाने पाणी भरलं आणि तो रिकामा मग कूलरच्या उजव्या अंगाला, न पाहता, अडकवून ठेवला. तिथे वाकवलेल्या सळईचा एक आकडा होता. देवाजींनी तो आकडा अजून पाहिलाही नव्हता.

"आता पाहा," देवाजी म्हणाले आणि खटका फिरवून तीनवर नेला.

कूलरने उसासा टाकला. नुसता उसासा. पुढच्या जाळीतून वाऱ्याची एक मंद झुळूक आली, आजारी माणसाची विचारपूस करायला आल्यासारखी.

"हे फुल हाय?" कौशल्याबाई.

"थांब, गरम होऊ दे मोटर." देवाजींनी दोनवर आणलं, बरं वाटलं. एकवर आणलं आणि वादळ सुटलं. भिंतीवरचं कॅलेंडर उडालं, देवाजींचा चष्मा नाकावर सरकला. परत तीन, परत उसासा.

"उलटा हाय! साला उलटा वायर जोडला!" देवाजी पेटले. "इतका चांगला पत्रा, अन् वायरिंग कोन्या गाढवानं केली? थो समोर आला ना, तं मी त्याले..."

"का कराल?" कौशल्याबाईंनी फार आस्थेने विचारलं.

"मिलमधी असता तं त्याच्या पाठीवर फुली मारली असती!"

"मारा मंग," त्या म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेल्या. देवाजींना वाटलं, बाईला वाईट वाटलं. साहजिक आहे. आयुष्यभर ज्याने सेक्टरचे कूलर पास केले, त्याच्याच घरात कंडम माल यावा! त्यांनी पत्र्यावरचा 'ओके' तळव्याने पुसला, त्यावर मोठी फुली काढली आणि सकाळी पहिल्या बसने सुपेला गाठलं.

भैय्याजींनी सगळं ऐकून घेतलं. "दादा, हवा आ रही है?"

"आ रही है, पर उल्टी!"

"तो आप भी उल्टा घुमाओ. इसमें झगड़ा क्या है?"

"मेरी पोती आ रही है कल! बच्ची तीन पे करेगी, हवा नहीं आएगी. लड़का बोलेगा, बाबा ने कबाड़ उठा लाया, और सबको लेके लॉज में जाएगा. समझे आप?"

भैय्याजी समजले. त्यांनाही नाती होत्या. "देखो, मोटर की गारंटी है, पंप की है. खटका पुराना है, जैसा आया वैसा ही है, हमने हाथ नहीं लगाया. लो, नया ले जाओ, मेरी तरफ से." आणि त्यांनी नवा खटका प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिला.

दुपारी देवाजी टेस्टर, पेचकस आणि पक्कड घेऊन कूलरसमोर मांडी घालून बसले. प्लग काढला, जुन्या खटक्याची पट्टी उघडली. आतले वायर सुतळीने बांधलेले, सुतळीला मेण लावलेलं, गाठ बारीक आणि नीट. देवाजींचा हात थांबला. डावा डोळा मिटला.

"गाठ तं चांगली मारली गाढवानं," ते पुटपुटले.

"मारनच," मागून कौशल्याबाई म्हणाल्या. "चपलेच्या शिलाईले लावाचं मेण कूलरच्या सुतळीले लावलं होतं त्यानं. मले ठाऊक हाय थो गाढव कोण."

"कोण?"

"माह्या समोर बसून राहिला."

देवाजींनी वळून पाहिलं. त्या आकड्यावरच्या मगाकडे बोट दाखवत होत्या. "हा आकडा कोनाले वाकवून मागितला होता मी? शेजारचे श्यामराव अन् तुमी, दोघं मिळून अंगणात याच कूलरचा पत्रा ठोकत बसले होते. साऱ्या लाइनीची झोपमोड केली होती."

मग देवाजींना सगळं एकदम आठवलं. क्वार्टरची ती खिडकी. पाच वर्षांचा मोहित, फक्त चड्डीवर, खटक्याला लोंबकळलेला. "तीन! तीनवर पायजे!" पोराला पूर्ण जोराचीच हवा लागायची आणि पहाटेपर्यंत छाती घरघर वाजायची. कौशल्याबाई ओवा गरम करून शेकत बसायच्या. खटका कमी केला की हा झोपेतूनही उठून रडायचा. शेवटी एका दुपारी, मोहित शाळेत गेला असताना, नाइट शिफ्टची झोप मोडून देवाजींनी एक आणि तीनचे वायर आपसांत बदलले. संध्याकाळी पोराने खटका तीनवर नेला, दोन्ही हात पसरून उभा राहिला आणि म्हणाला, "आई, बम हवा येऊन राहिली!" आणि झोपला. त्यानंतर छाती वाजली नाही.

"तुले मालूम होतं?" देवाजींनी विचारलं. ही गोष्ट त्यांनी कधी कोणाला सांगितली नव्हती.

"त्याच दिवशी. पोयी लाटून आली का मी एकवर करून बसत होती. तुमालेच वाटे, तुमी एकटेच हुशार." त्या त्यांच्याजवळ खाली बसल्या. "मोहित इंजिनिअरिंगले नागपूरले गेला, मी तुमसरले मायच्या घरी गेली, अन् तुमी हा भंगारात फुकून टाकला. परत आली तं खिडकी रिकामी. मी का बोलली होती का?"

"नाई."

"बोलाले पायजे होतं. काल छोट्या हत्तीवरून उतरला तवा वाटलं, पोट्टा घरी आला."

देवाजींनी पेचकसाने पट्टी परत लावली आणि नवा खटका तसाच पिशवीत ठेवून दिला. कौशल्याबाईंनी पदराच्या टोकाने पत्र्यावरची फुली पुसून टाकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोहित आला. सूनबाई हातपाय धुवायला गेल्या, साक्षी अंगणात मांजरामागे धावली. मोहित शर्टाची बटणं सोडत घरात शिरला, कूलर पाहून म्हणाला, "अरे वा, बाबा, लोखंडाचा!" आणि न पाहता खटका तीनवर फिरवला.

झुळूक.

त्याच्या कपाळावर आठी आली. खिशातला फोन हातात आला. देवाजींना कळलं, आता लॉजवाल्याला फोन लागणार, धरून ठेवलेली रूम पक्की होणार. पण मोहितने फोन लावायच्या आधी एकदा खटका मागे फिरवून पाहिला. एकवर कॅलेंडर पुन्हा उडालं. तो खटक्यावर बोटं ठेवून तसाच उभा राहिला. मग त्याची नजर त्या आकड्याकडे गेली, मगाकडे गेली, जाळीच्या दुमडलेल्या पट्ट्यांकडे गेली.

"बाबा... हा तं आपला... म्हणजे मी लहानपणी..."

देवाजींचा डावा डोळा मिटला. या वेळी तपासणीसाठी नाही.

तेवढ्यात साक्षी धापा टाकत आत आली, गाल लाल झालेले. "पापा, कूलर फुल करो ना! कितने पे है?"

मोहितने वडिलांकडे पाहिलं. खटका सावकाश तीनवर नेला. "तीन पे है बेटा. इससे ज़्यादा होता ही नहीं."

साक्षीने दोन्ही हात पसरले आणि डोळे मिटले. "वाव," ती म्हणाली.

मोहित फोन कानाला लावून ओसरीवर गेला. "हाँ भाई साहब, वो रूम कैंसल कर दीजिए... नहीं नहीं, घर पे बहुत बढ़िया हवा है."

स्वयंपाकघरातून कौशल्याबाईंचा आवाज आला. "एक गाढव होता घरात, आता दोन झाले."