कठड्यावरची ठकठक

माझी आत्या मत्स्यालयात कासवाच्या टाकीपाशी उभी राहून लोकांना माहिती सांगायची. ऐकणाऱ्याला वाटतं, काय मजेची नोकरी! मजा आठवडाभर पुरते. मग तोच दमट वास, तोच निळा उजेड आणि रोज नव्या शाळेची पोरं, ज्यांना कासव चावतं की नाही एवढंच विचारायचं असतं. आत्या मात्र दर वेळी पहिल्यांदाच सांगत असल्यासारखी सांगायची. प्लास्टिकची पिशवी पाण्यात कासवाला खाण्यासारखी कशी दिसते, टाकून दिलेलं जाळं समुद्रात आपलं आपणच मासे कसं मारत राहतं, कासवीण अंडी घालायला दूरदूरच्या पाण्यातून किनाऱ्याला कशी येते. घरी जिच्या तोंडून सलग दोन वाक्यं निघत नसत, ती तिथे बोलायला लागली की थांबायची नाही. त्यासाठी तरी मी सुट्टीत तिच्याबरोबर जायचे.

तिचा आवाज बारीक. माइक होता, पण तो कायम दुरुस्तीला गेलेला. म्हणून गोंगाट थांबवायला तिने एक युक्ती काढली होती. टाकीच्या वरच्या अंगाला, जिथून वाकून पाण्यात बघता येतं, तिथे काचेत पक्का बसवलेला लोखंडी कठडा होता. हातातल्या टॉर्चने ती त्यावर तीनदा वाजवायची. ठक, ठक, ठक. पोरं चिडीचूप. मग माहिती, आणि माहिती संपली की खाणं घालणारे मामा माशांचे तुकडे पाण्यात सोडायचे.

ही ठकठक तिने कुठून उचलली ते मला पक्कं ठाऊक होतं. आमच्या घरून.

आत्याच्या नवऱ्याने दुसरा घरोबा केला तेव्हा ती एक सुटकेस घेऊन आमच्याकडे आली. बाबा म्हणाले, राहू दे चार दिवस. आईने स्वयंपाकघराला लागून असलेली बाल्कनी प्लायवुड लावून बंद करून घेतली, आणि त्या खोलीत एक कॉट, एक इस्त्रीचं टेबल आणि आत्या अशा तीन गोष्टी मावल्या. चार दिवसांचं काय झालं ते कुणी बोललं नाही. मी शाळेतून कॉलेजात गेले, आत्या तिथेच. पगार झाला की तिने भाड्याच्या खोलीचा विषय काढायचा, बाबांनी "लोक काय म्हणतील" म्हणायचं, आणि विषय मिटायचा.

आई वाईट नव्हती, हे सांगायलाच हवं. तिचे हात भरलेले असत, वरचा पंखा घरघरत असे, हाक पलीकडे पोचत नसे. म्हणून ती चमच्याच्या दांड्याने प्लायवुडवर वाजवायची. ठक, ठक, ठक. आत्या उठून यायची. भाजी चिरायला, दार उघडायला, कपड्यांच्या घड्या करायला. पुस्तक अर्धं उघडं, चहा अर्धा प्यायलेला, पण आत्या हजर. मला वाटतं, आईला त्यात काही खटकलं असेलच तर ते फक्त आत्याला कधी उशीर झाला तेव्हा.

आता कासविणीचं. होडीच्या पंख्याने तिची पाठ फोडली होती. कवचाखाली हवा शिरून राहिली, त्यामुळे तिचा मागचा भाग वर तरंगायचा आणि तिला तळाशी जाताच येईना. मत्स्यालयाने तिला आणलं, कवच सांधलं, पाठीवर वजनं चिकटवली. आत्याने तिचं नाव ठेवलं पाहुणी. बाबा ते ऐकून हसले आणि मग एकदम हसायचे थांबले. येणाऱ्या प्रत्येक शाळेला आत्या शब्द द्यायची, "ही आपल्याकडे राहायला आलेली नाही. बरी झाली की घरी जाणार." पोरं टाळ्या वाजवायची. दोन इयत्तांपूर्वी टाळ्या वाजवून गेलेली पोरं पुन्हा सहलीला येत, आणि पाहुणी तिथेच.

पण तिचं एक वेड होतं. आत्याने कठड्यावर वाजवलं की पाहुणी टाकीच्या कुठल्याही कोपऱ्यातून वर यायची आणि बरोबर आत्याच्या पायाशी तोंड बाहेर काढायची. लोक वेडे व्हायचे. आत्याला कासवताई म्हणायला लागले ते तेव्हापासून. "ओळखते हो मला," आत्या म्हणायची, आणि तिचा चेहरा असा उजळायचा की मलाही खरं वाटायचं. आमच्या घरात तिला पाहून कुणी असं वर येत नव्हतं.

मग मत्स्यालयात प्राण्यांच्या नवीन डॉक्टरबाई आल्या. वयाने आत्याच्या निम्म्या, बोलायला मऊ. त्यांनी पाहुणीचे फोटो काढले, पाठीवरची वजनं उतरवली, दोन आठवडे पाहिलं. पाहुणी दगडासारखी खाली जात होती आणि हवं तेव्हा वर येत होती. ती केव्हाच बरी झाली होती. आत्याने मला फोन करून सांगितलं तेव्हा तिला धड बोलता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मीही गेले. आत्याने शाळेसमोर ठकठक केली, पाहुणी वर आली, टाळ्या झाल्या. डॉक्टरबाई मागे उभ्या होत्या. शाळा गेल्यावर त्यांनी आत्याकडून टॉर्च मागून घेतली आणि टाकीच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन कठड्यावर तीनदा वाजवलं. पाहुणी आत्याच्या पायापाशी होती. ती वळली आणि तिकडे गेली.

"ताई, ती तुमच्याकडे येत नाही," त्या म्हणाल्या. "ती आवाजाकडे येते. समुद्रात असा ठकठक आवाज कुठून येणार? होडीतून. ही बिचारी खायला मिळेल म्हणून सरळ होडीखाली जाईल."

आत्या कठड्याला धरून उभी राहिली. इतकी वर्षं ज्याला ती माया समजत होती, त्यानेच पाहुणीला अडकवून ठेवलं होतं. मॅनेजर साहेबांना मात्र हे ऐकून बरंच वाटलं. सोडता येत नसेल तर राहू दे की, ते म्हणाले, लोक तिच्यासाठीच येतात. खाऊनपिऊन सुखी आहे. खाऊनपिऊन सुखी हे शब्द आत्याने आधीही ऐकले होते, आमच्या जेवणाच्या टेबलावर, स्वतःबद्दल.

"ही सवय मोडता येते का?" तिने डॉक्टरबाईंना विचारलं.

येते, पण त्याला अटी होत्या. पाहुणीला मागच्या झाकलेल्या टाकीत न्यायचं. खाणं नळीतून, कधीही, माणूस न दिसता. तिथल्या कठड्यावर रोज वाजवायचं आणि काही म्हणजे काही द्यायचं नाही. आणि आत्याने तिकडे फिरकायचं नाही.

आत्याला तिकिटाच्या खिडकीत बसवलं. काचेला हात जाईल एवढंच भोक. कासवताई आज नाहीत का, असं लोक तिलाच विचारायचे, आणि ती "नाहीत" म्हणून सांगायची. घरी ती आणखी गप्प झाली. प्लायवुडवर वाजलं की दचकायची, आणि यायची. एकदा ती आईला म्हणाली, "वहिनी, वाजवू नका ना. हाक मारा."

"अगं, तुला ऐकू जात नाही म्हणून तर वाजवते," आई म्हणाली. तिला खरंच काही कळलं नाही. दोन दिवस तिने आठवणीने हाका मारल्या, मग पुन्हा चमचा. मला आईचा राग आला, आणि त्याहून आत्याचा, कारण ती उठून येतच होती.

पावसाळा सरता सरता डॉक्टरबाईंनी आत्याला मागच्या टाकीपाशी बोलावलं. आता शेवटची परीक्षा, आणि ती आत्यानेच घ्यायची, तिच्या हाताने, तिच्या टॉर्चने. ती मला सोबत घेऊन गेली. झाकण बाजूला सरकवलं. पाहुणी तळाशी कोपऱ्यात होती.

मला भीती वाटत होती की आत्या हळूच वाजवेल. तिने जोरात वाजवलं. ठक, ठक, ठक. पाण्यावर बारीक लाटा उठल्या. पाहुणीने एक पंजा हलवला. पण ती तिथेच राहिली. आत्याने पुन्हा वाजवलं, त्याहून जोरात, आणि तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे बघून मला कळेना की तिला पाहुणी यायला हवी आहे की नको. पाहुणी वळली आणि आमच्याकडे पाठ करून पलीकडच्या भिंतीशी गेली.

"झालं," डॉक्टरबाई म्हणाल्या.

आत्या रडली. म्हणाली, बरं वाटतंय म्हणून रडतेय, आणि वाईटही वाटतंय. दोन्ही खरं होतं.

पाहुणीला सोडायला आत्याला नेलं नाही. माणसांची गर्दी नको म्हणून फक्त डॉक्टरबाई आणि मामा बोटीने गेले. आत्या तिकिटं फाडत बसली. संध्याकाळी मामांनी खिडकीशी येऊन सांगितलं की पाहुणी पाण्यात टेकली आणि गेली, बघायला सुद्धा मिळाली नाही नीट. आत्याने त्यांना तीनदा तेच सांगायला लावलं.

घरी आल्यावर ती आपल्या खोलीत गेली. मी स्वयंपाकघरात अभ्यास करत होते. थोड्या वेळाने आईने प्लायवुडवर वाजवलं. ठक, ठक, ठक. काही नाही. आईने पुन्हा वाजवलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, झोपली का बघ जरा.

मी दार ढकललं. आत्या कॉटवर बसली होती, टक्क जागी, हात मांडीवर. पायाशी ती जुनी सुटकेस होती. उघडी, पण अजून रिकामी.

"आत्या, आई बोलावतेय."

"ऐकू आलं," ती म्हणाली.

आणि बसून राहिली. भिंतीपलीकडून आईने तिसऱ्यांदा वाजवलं. आत्या हलली नाही. मीच वळले आणि काय हवंय ते बघायला बाहेर गेले.