दसरूभाऊची चाल

माझ्या फजित्या मी आजवर फुकट वाटत आलो. भर प्रवेशात धोतर सुटलं ते सांगितलं, बायकोनं दोन दिवस घरात घेतलं नाही तेही सांगितलं. ही एक गोष्ट मात्र त्या बायकोलाही ठाऊक नाही. तुम्हाला सांगतोय — आणि बघा, सांगायला बसलो तरी आधी विनोदच सुचतोय.

मी झाडीपट्टीतल्या नाटकांचा विनोदी नट. नायक मला कुणी केलं नाही. माझं तोंड बघून नायिकेलाच हसू फुटायचं. दिवाळी झाली की गावोगाव आमचे रात्रभर प्रयोग. हशा मिळाला की मला जेवणसुद्धा लागत नसे. हा एक आजारच — पण सांगायचा आहे तो आजार दुसऱ्याचा.

दसरूभाऊ आमच्या गावचा ढिवर. तलावात जाळं टाकून जगणारा माणूस. त्यानं तुळशीची माळ घातली आणि मासे, मटण, दारू, सगळं सोडलं. मासे धरायचा, विकायचा, खायचा नाही. दूधदुभतं त्या घरात कधी नव्हतंच. काही वर्षांनी त्याची चाल बिघडली. पाय फाकवून, आपटत, झुलत चालायचा. गावानं ठरवून टाकलं — माळेआड मोहाची दारू चालू आहे.

गडचिरोलीच्या दवाखान्यात त्याला मीच नेलं. गावातला बोलका माणूस ना मी! डॉक्टरीणबाईंनी त्याला पाय जुळवून, डोळे मिटून उभं राहायला सांगितलं. डोळे मिटले तसा तो कलला. मी धरला म्हणून वाचला. रक्त तपासल्यावर त्या म्हणाल्या, बी-बारा जीवनसत्त्व फार कमी झालंय, त्यानं नसा मंदावल्यात. पायांना जमीन कळत नाही, हा डोळ्यांच्या भरवशावर तोल सांभाळतो. सुया नेमानं घ्या. आणि अंधारात जपा, पडेल.

हे सगळं मी माझ्या कानांनी ऐकलं होतं.

गावी परतलो तर पानठेल्यावर मंडळी बसलेली. दसरूभाऊ म्हणाला, विटामिन कमी झालं म्हणते. लोक हसले. मग एक जण माझ्याकडे वळला.

"काऊन बे, तू त संग होता. खरं काय ते तूच सांग."

दसरूभाऊ माझ्याकडे बघत होता. एका वाक्याचं काम होतं हो. ते वाक्य मला पाठही होतं. आणि मी म्हणालो —

"बाई म्हणे, याच्या रक्तात मोहाचं विटामिन जास्त झालं."

केवढा हशा. दसरूभाऊही थोडासा हसला. ते हसणं मी कुठे ठेवू?

त्याच हंगामात मी ती चाल नाटकात आणली, बेवड्याची म्हणून. शिट्ट्या पडल्या. पोरं त्याच्या मागे तशीच चालू लागली. उपकेंद्रात सुई घ्यायला निघाला की लोक विचारायचे, मोहाची टोचायला चालला का दसरू? त्यानं सुया सोडल्या. मग दिवसा तलावावर जाणंही सोडलं. जाळं काढायला तांबडं फुटायच्या आधीच जाऊ लागला — अंधारात. अंधाराचं कुणाला सांगितलं होतं? त्याला, आणि मला.

तलावाच्या पाळीवरून, बांधावरून पडला. खुबा मोडला.

मी भेटायला गेलो. तो खाटेवर पडून होता, माळ बोटात धरलेली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"तू त होता ना तिथी," एवढंच म्हणाला.

 तिथून उठून पानठेल्यावर जाऊन खरं सांगितलं का? नाही. सांगितलं असतं तर माझा सगळ्यात चालणारा प्रवेश गेला असता.

आता विंगेत दिवे गेले की मी पायानं फळी चाचपतो. ती असते. तरी चाचपतो.

त्याला भेटून आलो त्याच आठवड्यात आमच्याच गावी प्रयोग होता. मंडप दसरूभाऊच्या घरामागच्या बांदीत, धानाच्या रिकाम्या शेतात. मी त्याची चाल चाललो. हशा थांबेना. त्याच्या घराची भिंत कुडाची, खाट त्या भिंतीलाच लागून — मला माहीत होतं.

मी आणखी एक फेरी मारली.